पार्टीतला वाढपी

माझी नात सुरभी नागपूरच्या कंपनीचं काम हिंगणघाटला आमच्या घरी बसून करते. रविवारी मात्र ती राक्षस मारते. तिच्या व्हिडिओ गेममध्ये चौघांची पार्टी लागते; पाचवा चालत नाही आणि तिघांत भागत नाही. सुरभी योद्धा, म्हणजे पुढे उभं राहून मार खाणारी. तिच्या ऑफिसातला चंदन जादूगार आणि हर्षा तिरंदाज. ही दोघं आपापल्या घरून खेळतात, बोलणं लॅपटॉपवर ऐकू येतं. चौथा गडी लग्न करून गेला, म्हणून जागा मला मिळाली. मी वैद्य झालो.

निवड योग्य होती असं मी म्हणणार नाही. पण कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढलेल्या मला आजवर कुणी कुठल्या चमूत घेतलंच नव्हतं. मी वहीत नियम उतरवून घेतले. वैद्याला एका पाळीत मंत्र टाकून एकाच माणसाला बरं करता येतं. तो स्वतः जिवंत असेल तर मेलेल्यालाही उठवता येतं. चौघंच का, हे मात्र कळेना. मग आठवलं, आमच्या ग्रंथालय समितीत अकरा जण होते आणि एक पंखा दुरुस्त व्हायला तीन वर्षं लागली होती.

त्या दुपारी शेवटचा ड्रॅगन होता. तो सगळ्यांवर एकदम आग ओकतो. मी आधी चंदनला बरं केलं, मग हर्षाला, मग सुरभीला. मग मी मेलो. माझ्यामागे तेही मेले. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

"आबाजी, सोतावर काऊन नाई टाकत तुमी?" चंदन ओरडला.

"तुमी जखमी होते ना बावा."

"अन् तुमी मेल्यावर आमाले कोन वाचवते?"

गावच्या भंडाऱ्यात तीस वर्षं मी वरणाची बादली घेऊन फिरलो. त्या कामात बोलावं लागत नाही. वाढप्यानं शेवटच्या पंगतीनंतर बसायचं, हे अंगात मुरलेलं. लोक ताटकळत असताना आपलंच पान आधी वाढून घ्यायचं, हे माझ्या बोटाला जमेना.

सुरभी हळूच म्हणाली, "आबाजी, अजून एक डाव. नाई जमलं तं ऑफिसातल्या गोपालले घेतो. वाईट नका वाटून घेऊ."

"वाईट कायचं त्यात?" मी म्हणालो, आणि मला फार वाईट वाटलं.

तळहातावर पेनानं लिहिलं : आधी मी. ड्रॅगननं आग ओकली. "आबाजी, मी चालली!" हर्षा किंचाळली. बोट तिच्याकडेच गेलं. मी मेलो.

मागे बसून डाळ निवडणारी माझी बायको देवका उठली. "सरका जरा. पाहू द्या मले."

तिनं पहिला मंत्र स्वतःवर टाकला.

"आजी, मी मरून राह्यली!"

"मर वो बाई. मंग उठवते तुले."

हर्षा मेली. देवकानं पुन्हा स्वतःला सावरलं, मग हर्षाला उठवलं, मग बाकीच्यांकडे वळली. थोड्या वेळात ड्रॅगन आडवा झाला. तिघंही 'आजी, आजी' करून ओरडत होती.

मी विचारलं, "तुले कोनी सांगतलं, आधी सोतावर टाकाचं?"

"सांगाले कायले लागते? पंचेचाळीस वर्सं मी या घरात शेवटी जेवली. शेवटी भाजीच्या गंजात काय उरते, थे मले मालूम हाय." आणि तिनं डाळीचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

भंडारा वर्षातून एकदा असायचा. त्या रात्री उशिरा जेवलो, याचं कौतुक मी तिलाच घरी येऊन सांगत असे.

पुढच्या रविवारी पार्टी चौघांचीच होती. गोपालला कुणी बोलावलं नव्हतं. मी चहा केला आणि सवयीनं पहिला कप सुरभीपुढे धरला. देवकानं लॅपटॉपवरची नजर न काढता हात लांबवला.

"आधी इकडे."

मी दिला. दुसरा सुरभीला. पातेल्यात अर्धा कप उरला होता. तो मी ओट्याशी उभ्यानंच प्यालो. गार झाला होता.