बारीक पिनीचा चार्जर

सत्यमचा फोन आला तेव्हा कौशल्याबाई अंगण झाडत होत्या. "आई, मोहिनीच्या पोटात लई दुखायलंय. दवाखान्यात न्यायलोय," एवढंच पोरगा बोलला आणि फोनने मान टाकली. बटणं दाबून दाबून अंगठा दुखला, पण पडद्यावर उजेड काही येईना.

फोन तर रात्रभर चार्जिंगला होता. त्यांनी आत जाऊन पाहिलं, तर चार्जरची डबी काळी पडलेली आणि करपल्याचा वास. तसा तो चार्जर वर्षभर आजारीच होता. वायर डावीकडे वळवायची, फोनखाली काड्यापेटी सरकवायची, वरून वरवंटा टेकवायचा, तेव्हा कुठे स्वारी कामाला लागायची. आणि मरायला मेल्याला आजचाच दिवस सापडला!

सून मोहिनी आणि सत्यम ऊसतोडीला गेले होते, पार सांगलीकडे. बाळंतपणाला अजून महिना होता; त्याआधी परत येऊ, असं ठरलं होतं. पोटातल्या जिवाला मात्र कुणी विचारलं नव्हतं. आता तिकडे काय चाललंय ते कळायचं कसं? सत्यमचा नंबर फोनच्या पोटात, आणि फोन मेलेला. पाठ कुणाला असतो नंबर!

दिवाळी उरकली की अख्खी गल्ली टोळीबरोबर निघून जायची. मागे उरायच्या कौशल्याबाई आणि पलीकडच्या आळीतला मेंढक्या हरिबा. कौशल्याबाई आधी त्याच्याकडेच धावल्या. हरिबाला नातवाने टचचा फोन घेऊन दिलेला. त्याच्या चार्जरची पिन चपटी, यांच्या फोनचं भोक सुईएवढं. मग त्या गिरणीवर गेल्या. तिथली पिन आणखीनच तिसऱ्या वळणाची. सगळ्या फोनांना जेवण एकाच विजेचं, मग तोंडं इतकी निरनिराळी कुणी केली असतील, देव जाणे!

मिळेल ती जीप धरून कौशल्याबाई वडवणीला, तालुक्याच्या बाजाराला गेल्या. दुकानात चार्जरच्या माळा लोंबत होत्या. दुकानदाराने फोन उलटासुलटा केला.

"मावशी, ही बारीक पिन आता येत न्हाई. नवा फोन घ्या."

"अन् त्यात माझ्या पोराचा नंबर येईल का?"

"नंबर कावून येईल? सिम घालू, म्हंजी त्येंचा फोन येईल. पर तुमचं सिम हाय जुनं, मोठं. कापावं लागंल. जमलं तर जमलं."

"अन् न्हाई जमलं तर?"

दुकानदाराने कात्री उचलली. कौशल्याबाईंनी फोन हिसकून घेतला. एवढ्या एका सिमवर पोराचा आवाज यायचा, ते कात्रीखाली घालायची त्यांची छाती होईना.

परतीच्या जीपमध्ये त्यांचा हात सारखा कंबरेच्या पिशवीकडे जात होता. पिशवीत गल्लीतल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या होत्या. जाणारा माणूस किल्ली मागे राहणाऱ्याकडे ठेवून जाई. पण किल्ली सांभाळायची, कुलपाला लावायची नाही, हा रिवाज. उद्या कुणाची वाटी हरवली तरी जन्माचा आळ यायचा. आणि त्यांना जे कुलूप आठवत होतं ते नेमकं मनकर्णाचं.

मनकर्णा म्हणजे शेजारीण. दोघींनी एकाच बाजारात, एकाच दुकानातून एकसारखे फोन घेतलेले. मनकर्णाचा फोन पुढे हौदात पडून गेला, पण चार्जर तिने टाकला असेल? फुटकी बादलीसुद्धा न टाकणारी बाई ती! अडचण वेगळीच होती. वर्षापूर्वी मनकर्णाच्या शेळीने यांची मिरचीची रोपं फस्त केली आणि कौशल्याबाईंची जीभ घसरली. "शेळीला वळण न्हाई, कारण मालकिणीलाच न्हाई," असं त्या चारचौघांत बोलल्या. तेव्हापासून अबोला. जाताना मनकर्णाने किल्ली ओट्यावर ठेवली, तीही तोंड फिरवून. आणि आता तीच बाई सत्यमच्याच टोळीत होती. मोहिनीकडे ढुंकून तरी बघेल का, ही काळजी कौशल्याबाईंना दिवाळीपासून खात होती.

गावात उतरताच त्यांनी हरिबाला हाक मारली. "भाऊ, साक्षीला चला. कुलूप काढायचंय."

"मनकर्णाचं?" हरिबा थबकला. "वैनी, ती तुमास्नी कच्चं खाईल की."

"खाऊ द्या. आधी माझी सून कशी हाय ते कळू द्या."

हरिबा काठी टेकून दारात उभा राहिला. कौशल्याबाईंनी किल्ली फिरवली. उंबऱ्याबाहेरूनच त्या मोठ्याने बोलल्या, "मनकर्णे, तुझं घर उघडायलेय गं. चार्जर तेवढा नेते. दुसऱ्या कशाला हात लावणार न्हाई." रिकाम्या घराने काही हरकत घेतली नाही.

भिंतीतल्या देवळीत फडक्याचं गाठोडं होतं. त्यात जाड पिनीचे, चपट्या पिनीचे, तुटक्या वायरींचे कितीतरी चार्जर एकमेकांत गुंतलेले. आणि तळाशी, दोऱ्याने नीट गुंडाळून ठेवलेला, बारीक पिनीचा. कौशल्याबाईंनी तो आधी कपाळाला लावला. वाटेत घरात डोकावून पदरात बांधून घेतलेला गुळाचा खडा त्यांनी त्याच्या जागी ठेवला. शेजारणीच्या घरातून वस्तू न्यायची तर जागा मोकळी सोडू नये, असं त्यांच्या सासूबाई सांगायच्या.

घरी आल्यावर या चार्जरला ना काड्यापेटी लागली ना वरवंटा. पिन आत गेली आणि फोनने डोळा उघडला. थोडा जीव धरतोय तोच वाजायलाही लागला. नाव सत्यमचं. आवाज मात्र बाईचा.

"कावून बंद ठिवलास गं फोन? सकाळपसून लावायलेत आमी!"

मनकर्णा! वर्षभराने ऐकलेला तो खणखणीत आवाज. कौशल्याबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. "मोहिनी?"

"मोकळी झाली. नात झाली तुला. बारीक हाय, पर डॉक्टरीण म्हणली, काळजी न्हाई. तुझं लेकरू गोळ्या आणायला गेलंय. पोरगी माझ्याच मांडीवर हाय बघ. गाडीतबी तुझ्या सुनंनं माझा हात सोडला न्हाई. वळ उठलेत."

कौशल्याबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. जिला वळण नाही म्हणून आपण चारचौघांत नावं ठेवली, तिच्या हातावर आपल्या सुनेच्या बोटांचे वळ होते.

"मनकर्णे, तुझे लई उपकार झाले गं. अन् मी तुझं कुलूप काढलं."

"काय काढलं?"

"कुलूप. माझा चार्जर जळाला. तुझा बारीक पिनीचा आणला. हरिबाभाऊ होते साक्षीला. त्या जागी गूळ ठिवलाय."

"अगं बया! देवळीत गूळ? मुंग्या लागतील की!" मनकर्णा ओरडली. फोनमध्ये एक बारीकसं रडणं सुरू झालं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "उगी, उगी. आज्जीच हाय तुझी. जा गं कौशल्ये, काढ तो गूळ अन् वाट सगळ्यास्नी. अन् चार्जर राहू दे तुझ्याचकडं. तुझा फोन बंद पडला तर आमी बोलावं कुणाशी?"

कौशल्याबाई डोळे पुसत निघाल्या आणि पिशवीतली किल्ली काढून पुन्हा मनकर्णाच्या दाराशी गेल्या. हरिबा मेंढरांकडे निघून गेला होता, पण साक्षीसाठी त्यांनी त्याला हाक मारली नाही. कुलूप काढलं, गूळ घेतला आणि मग त्याचा पहिला तुकडा हरिबाला द्यायला त्या माळाच्या वाटेला लागल्या.