गाभ्यातली खरखर

मृणालिनी अमेरिकेत ॲन आर्बरला आली तेव्हा तिची मुलगी दीपा चार वर्षांची होती. नवरा नरेंद्र नागपूरला कॉलेजात शिकवायचा. तू जा, पोरीला मी बघतो, असं त्यानंच लावून धरलं होतं. तीन वर्षांत पीएचडी संपेल असा दोघांचा हिशेब. १९८६चा हिवाळा, तिचा पाचवा, आला तरी ती तिथंच होती. मधे एकदाच काय ती घरी जाऊन आली होती.

सगळं अडलं होतं एका छोट्या कड्यापाशी. चुंबकीय क्षेत्रातला अगदी सूक्ष्म बदल टिपणारं यंत्र ती बनवत होती. त्याच्या गाभ्यात निकेल-लोखंडाची कागदाहून पातळ पट्टी गोल कड्यावर गुंडाळलेली असे, आणि ती पट्टी स्वतःच कुरकुरायची. आजूबाजूला काही बदललं नाही तरी यंत्राला जोडलेलं, कागदावर रेघ ओढणारं पेन थरथरत राही. लॅबमध्ये सगळे त्याला नॉइज म्हणत, मृणालिनी मनातल्या मनात खरखर म्हणे. यंत्राभोवती जाड कवच घातलं, किल्ल्या आणि घड्याळं लांब ठेवली, स्वेटरची सेफ्टी पिनसुद्धा काढली, तरी खरखर जाईना. मग ती धातूच्याच मागे लागली. मिश्रणातल्या मॉलिब्डेनम धातूचं प्रमाण बदलून बघायचं, पट्टी हायड्रोजनच्या भट्टीत तापवायची, हळूहळू निववायची. निवल्यावर बोटाचा जरासा दाब पडला तरी केलेलं सगळं वाया.

शनिवारी बाजारात गेली की मुलांच्या कपड्यांपाशी तिचे पाय रेंगाळत. एखादा फ्रॉक स्वतःच्या अंगाशी धरून ती बघत राही. दीपा आता आपल्या कमरेला लागत असेल की त्याहून वर? अंदाज येत नसे, आणि फ्रॉक परत टांगून ती बसस्टॉपकडे चालू लागे.

फेब्रुवारीत नव्या मिश्रणाचं कडं तिनं यंत्रात बसवलं. पेननं सरळ रेघ ओढली. पुण्याहून आलेला तिचा ज्युनिअर अतुल पेनला टिचकी मारत म्हणाला, "ताई, हे जॅम झालंय."

मृणालिनीनं किल्ली जरा जवळ आणली. पेन ताडकन उडालं. किल्ली दूर नेली, तशी रेघ पुन्हा सरळ. अतुल टिचकी मारायचं विसरूनच गेला. ती मात्र खुर्चीत बसली आणि कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिली.

आठवड्याभरात तिचे गाइड प्रोफेसर हॅलोरन यांनी तिला बोलावलं. एका उपग्रहासाठी असा सेन्सर हवा होता. आणखी दोन वर्षं थांबलीस तर ते काम तुझं, असं ते म्हणाले. याच कामाची तिनं इतकी वर्षं आस धरली होती.

रविवारी सकाळी तिनं नागपूरला फोन लावला. आमचं छान चाललंय, तू खुशाल थांब, असं नरेंद्र म्हणाला. मग फोन दीपाकडे गेला. लाइनमध्ये समुद्रासारखी घरघर होती, पण पोरीचा आवाज स्पष्ट आला.

"तुमच्याकडे अजून बर्फ आहे का?"

"आहे ना, खूप आहे," मृणालिनी म्हणाली.

"बरं. तुम्ही कधी येणार?"

घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं, अगदी नीट विचारलं होतं पोरीनं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आई म्हणजे 'तू', हेच तिच्या जिभेवरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रोफेसरांना नाही म्हणून सांगितलं. अशी संधी पुन्हा येत नाही, ते म्हणाले. ते तिलाही ठाऊक होतं. मेपर्यंत तिनं प्रबंध पुरा केला, आणि भट्टी कशी निववायची, कडं कसं उचलायचं ते अतुलला हात धरून शिकवलं.

डेट्रॉइटच्या विमानतळावर अतुलच तिला घेऊन गेला. गाडीत त्यानं विचारलं, "ताई, रिग्रेट नाही होणार?"

"होणार ना," ती म्हणाली. "तिकडे बसून या लॅबसाठी जीव तुटेल माझा. पण ते मला सोसता येईल."

अतुलनं बॅगा उतरवून दिल्या. कडं मी जपून ठेवीन, असं तो दोनदा म्हणाला. मृणालिनीनं मान हलवली आणि मागे वळून न बघता ती आत गेली. डोळे भरून आले होते, आणि ते लॅबसाठी की दीपासाठी, हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं.