डोंग्याच्या नाकावरचा कडा

"डोंग्याच्या नाकाले भोक पाडू नको, भैय्यालाल. कडा बाजूनं लाव."

"काऊन? पुन्हा बुडाले?" लीलाधरची बायको प्रेमिला मिस्त्रीच्या अन् नवऱ्याच्या मधात येऊन उभी राहिली. "मागच्या साली लंगराचा दोर बाजूच्या फळीलेच बांधला होता ना तुमी? वारा सुटला, डोंगा आडवा झाला अन् पानी आत. धरनाच्या मधातून डब्यानं पानी फेकत आलो आपन."

"माह्या बापानं या नाकाले हळद लावली. आमच्या घरी तेथे भोक पाडत नाही."

मित्रांनो, ज्याच्यापायी हे भांडन चालू होतं तो मी. मी एक जुना लोखंडी कडा आहे. चार भोकाची पट्टी अन् तिच्यात फिरनारा मी गोल. मासे धराच्या डोंग्यावर लंगराचा दोर मलेच बांधनार होते. वाऱ्यात मी उपटलो तं नवराबायको दोघंही गेले. म्हनून मी कोनावर लवकर भरोसा करत नाही.

माहा जन्म सालेकश्याच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. पहिले मी एका कोठ्यात होतो. दोन बैलाचे दोर माह्यात बांधत. बावीस वर्सं त्याईनं ओढाओढ केली, मी हाललो नाही. घरचे म्हनत, कडा असावा तं असा. मंग ट्रॅक्टर आला, बैल गेले. माह्यावर कोंबड्या बसाले लागल्या. भंगारात जाता जाता लीलाधरनं मले मागून आनलं.

त्याचे उपकार आहेत, पन मानूस मले सरळ वाटत नव्हता. नाकाची गोष्ट निघाली का तो दुसरीकडे पाहे. अन् हळद होती जुनी, फिकी. तिच्या बाजूचं डांबर मात्र नवं, चमकनारं. हे कायले? मी पाह्यलं, पन मले तोंड नाही.

प्रेमिलाले आहे. "पोळ्याले बैलाची पूजा करता ना तुमी?"

"करतो."

"अन् वेसन कोठी घालता त्याले? मांगं पुठ्ठ्यावर?"

भैय्यालाल हसला. भैय्यालालनं नाकावरच ड्रिल लावली. भुसा सुका पडाले पाहिजे. पडला काळा, ओला, चायपत्तीसारखा.

"वहिनी, इकडे पाहा. बोट जाते आत."

प्रेमिलानं बोट घातलं. "नवी फळी टाकली म्हनले होते तुमी."

"टाकनारच होतो. डांबर भरलं. वाटलं, टिकन."

"जाळं ओढाले या नाकावर कोन बसते रोज? तुमी का मी?"

म्हनजे हळदीचं कारन होतं वरचं, अन् सडलेलं लाकूड होतं खालचं. मले पहिल्याच दिवशी शक आला होता.

भैय्यालालनं सडका भाग कापला. सागवानाची फळी बसवली. चार बोल्ट आरपार घातले, खालून लोखंडी पट्टी, मंग नट. प्रेमिलानं नव्या फळीले हळद लावली, मलेही लावली. आता येनारा-जानारा म्हनते, कडा मजबूत आहे. पन वरूनच पाहतेत सारे. मित्रांनो, लोखंडाची तारीफ करू नका. ते ज्या लाकडाले धरून आहे, त्याले महिन्यातून एक डाव खालून हात लावून पाहा. हळद लावाची तं लावा, पन त्याच्या नंतर.

आज सकाळी लीलाधर पाना घेऊन नाकाच्या खाली आडवा झाला. मले वाटलं, हा पुन्हा काहीतरी लपवून राहिला. त्यानं पहिली नट पाह्यली, दुसरी, तिसरी. घट्ट होत्या. चौथी अर्धा फेरा फिरली. त्यानं कसली, अन् आवाज देल्ला, "ये वो. तू पाह्य आता. माहं खरं नको मानू."

प्रेमिला खाली गेली. तिनं पाना घेतला अन् चारही नटा पुन्हा कसून पाह्यल्या. कोनतीच हालली नाही. तरी मी दोघाईवर नजर ठेवून आहे.

डोंगा पान्यात ढकलून राहिले. दोर बांधला माह्यात. मले आता जा लागते.