दुसरी चिमूट

श्रीपाल मगदुमांनी चित्रपट थांबवला आणि हातातल्या काठीचे टोक पडद्यावरच्या रणगाड्याला टेकवले.

“हा बघा. कथेत हा जर्मन आहे. प्रत्यक्षात गाडी अमेरिकन, आणि तीही युद्ध संपल्यानंतरची. वर काळा क्रूस रंगवला की जर्मन रणगाडा तयार होतो, अशी या मंडळींची समजूत!”

“मास्तर, गाड्या ऱ्हाऊ द्यात,” समोरच्या खुर्चीतून आक्का म्हणाल्या. “वाळू दावा की.”

त्या मोठ्याने बोलत. कबनूरच्या यंत्रमागांशेजारी चाळीस वर्षे संसार केल्यावर आवाज खाली आणणे त्यांना जमत नव्हते. शेजारी बसलेल्या क्रांतीने, त्यांच्या नातीने, ओढणीआड हसू लपवले. दाराशी उभ्या असलेल्या विजयमालाबाईंनी मात्र ते लपवले नाही.

“सांगा, आक्का, तुम्हीच सांगा. मी सांगून थकले. चाळीस चित्रं गोळा केली ह्यांनी, पण अजून एकही लढाई शेवटपर्यंत बघू दिली नाही कुणाला.”

मगदूम मास्तरांनी पत्नीच्या या टोमण्याकडे दुर्लक्ष केले. पस्तीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी उत्तर आफ्रिकेतल्या वाळवंटी युद्धावरचे जुने कृष्णधवल चित्रपट जमवले होते आणि प्रत्येकातल्या चुका हुडकून काढल्या होत्या. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या या माडीवर दर रविवारी सकाळी खिडक्यांना जाड पडदे लागत आणि पाचदहा ओळखीची माणसे येऊन बसत. आज रविवार नव्हता. आज मास्तरांनी खेळ लावला होता तो एकट्या आक्कांसाठी.

क्रांतीने फोनवर सगळे सांगितले होते, तरी आल्या आल्या आक्कांनी ते पुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्यांचे वडील गुंडू इंगवले याच पेठेतले पैलवान. पलटणीबरोबर आफ्रिकेत गेले तेव्हा आक्का पोटात होत्या. बेचाळीस साली तिथले ठाणे पडले, हजारो माणसे कैद झाली. मग सरकारी पत्र आले: कैद्यांना नेणारी बोट बुडाली, शिपाई मृत समजण्यात येत आहे. दोन वर्षांनी थोरल्यांनी बसून आईचा पाट धाकट्या दिराशी, कृष्णातशी लावला. आक्का त्याला काका म्हणत राहिल्या, त्याची स्वतःची मुले झाल्यावरही.

“काका पितृपक्षात भावाचं पान वाढायचा. पयल्यांदा वाढायचा,” आक्का म्हणाल्या होत्या. “आनि एका वर्सी ताटावरनं उठला. म्हनला, माझ्या भावाचं पान ह्या घरात वाढायचं न्हाय. आई रडली, भांडली. म्हनली, त्याची बायकू घेतलीस, त्याच्या जागंवर बसलास, आनि घासभर भात जड झाला व्हय रं तुला? त्यानं त्वांडातनं सबूद काढला न्हाय. तवापासनं बापाचं पान मी घालतोय, कबनूरला. लोक हसली. लेकीनं बापाचा म्हाळ घालायचा असतोय का? पर घातला. काका मेला तवा त्याच्या मातीला सुदिक गेलो न्हाय मी.”

आता त्यांना चौऱ्याऐंशीवे लागले होते आणि आपल्यामागे ते पान क्रांतीने वाढावे अशी त्यांची इच्छा होती. न पाहिलेल्या माणसासाठी दरवर्षी स्वयंपाक करायचा, तर निदान तो कुठल्या मातीत गेला एवढे तरी पोरीने बघावे, म्हणून तिला घेऊन त्या सकाळच्या बसने आल्या होत्या. पितृपंधरवडा पुढच्या सोमवारी लागत होता.

मास्तरांनी चित्रपट पुढे सरकवला. पडद्यावर वाळू आली. रंग नसल्यामुळे ती राखेसारखी दिसत होती. टेकड्यांवर टेकड्या, आणि त्यांच्यावरून वाऱ्याने ओढलेल्या बारीक रेघा. आक्का खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला.

“हीच जागा न्हवं?” त्यांनी विचारले.

अशा प्रश्नाला ‘हो’ म्हणून मोकळे होणे मास्तरांच्या स्वभावात नव्हते.

“जागा तीच. समुद्रकिनाऱ्याची ती पट्टीच आहे. मात्र हे युद्धाच्या वेळचं नव्हे, आक्का. पंचावन्न साली, म्हणजे ठाणं पडल्यानंतर तेरा वर्षांनी, ही मंडळी तिथे जाऊन चित्रीकरण करून आली. सैनिक म्हणजे विलायतेतले नट. आणि हे लांब झग्यातले लोक दिसतात ना, ते तिथलेच मजूर. रोजावर आणलेले.”

“असूंदे. वाळू तर तीच हाय,” आक्का म्हणाल्या.

पडद्यावर एक ट्रक वाळूत रुतला. इंग्रज सार्जंट ओरडत खाली उतरला आणि त्याने हात करून झगेवाल्यांना बोलावले. आठदहा माणसे ट्रकच्या मागे जमली. मास्तरांची काठी सवयीने मागच्या चाकाकडे वळली, कारण ते चाक त्या जातीच्या ट्रकचे नव्हते आणि हे त्यांनी फार पूर्वीच शोधून काढले होते.

तेवढ्यात क्रांती खळखळून हसली.

“आजी, आजी, त्यो कडंचा बघितलास? शड्डू ठोकला की गड्यानं! आफ्रिकेत कोल्हापूरचा पैलवान!”

“कुटं?”

“अगं, आत्ताच. मांडीवर थाप मारली आणि मग खांदा लावला ट्रकला.”

मास्तर काहीसे नाराज झाले. हा चित्रपट त्यांनी किमान पन्नास वेळा पाहिला होता. त्यात शड्डू नव्हता. तरी पाहुण्यांच्या समाधानासाठी त्यांनी तो प्रसंग मागे नेला.

ट्रक रुतला. सार्जंट उतरला. माणसे जमली. अगदी कडेला, सगळ्यांपेक्षा रुंद खांद्यांचा एक माणूस वाकला. त्याने उजव्या हाताने चिमूटभर वाळू उचलून कपाळाला लावली. पुन्हा वाकून दुसरी चिमूट घेतली आणि मागे न बघता डाव्या खांद्यावरून पाठीमागे टाकली. मग मांडीवर थाप मारली. थापेचा आवाज आला नाही. पडद्यावर केवळ इंजिनाची घरघर होती. माणसाने खांदा लावला, ट्रक हलला, आणि चित्र दुसरीकडे गेले.

“परत,” आक्का म्हणाल्या.

मास्तरांनी परत लावले.

“परत.”

या वेळी क्रांती हसली नाही. विजयमालाबाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या होत्या. त्या तो तसाच धरून उभ्या राहिल्या.

“पयली चिमूट मातीची,” आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज प्रथमच खाली आला होता. “दुसरी वस्तादाची. वस्ताद पाठीमागं हुबा असतोय, म्हनून मागं टाकायची. मागं वळून बघायचं न्हाय. आमच्या तालमीतच हाय ही रीत, दुसऱ्या कुटल्या तालमीत न्हाय. काकानं माझ्या भावांस्नी शिकवली तवा मी दारात बसून बघितलीया.”

“आक्का, घाई करू नका,” मास्तर म्हणाले. वादाचा मुद्दा समोर येताच त्यांची पाठ ताठ झाली. “दोन सेकंदांचं दृश्य आहे. चेहरासुद्धा नीट दिसत नाही. साम्य म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय काळाचा हिशेब बघा. तुमचे वडील गेले बेचाळीस साली, आणि हे दृश्य घेतलंय पंचावन्न साली. तेव्हा हा माणूस ते असणं शक्यच...”

ते थांबले. वाक्य पुरे होण्याआधीच त्यांचे त्यांनाच ते ऐकू आले होते.

मास्तरांनी उगाचच दृश्य एकेक चित्र करून पुढे नेले, जणू त्यातून एखादी चूक हाती लागेल आणि सारे पूर्ववत होईल. माणूस वाकला, सरळ झाला, खांदा लावताना त्याची मान वळली आणि डोक्यावरचे फडके मागे सरकले. तिथे त्यांचे बोट आपोआप थबकले. कान दिसत होता. आखाड्यात वर्षानुवर्षे घासून मोडलेला, गोळा झालेला कान. असे कान पेठेत त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. पन्नास वेळा ते या प्रसंगापाशी आले होते, आणि पन्नासही वेळा त्यांनी चाक पाहिले होते.

विजयमालाबाईंनी ट्रे जमिनीवर ठेवला. एक कप कलंडला. तो कोणी उचलला नाही.

“जित्ता हुता,” आक्का म्हणाल्या.

“बोटीवर चढलेच नसतील,” मास्तर चाचरत म्हणाले. “निसटले असतील. यादीत नाव राहिलं असेल. अशा गोष्टी घडल्या आहेत.”

“मग परत का नाही आले?” क्रांतीने विचारले. तिने कोणाकडे बघून विचारले नव्हते. आणि थोड्या वेळाने, घाबरल्यासारखी: “आजी, आपण जिवंत माणसाचं पान वाढत होतो? एवढी वर्षं?”

आक्कांची नजर पडद्यावरच्या कानावर होती. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे दांडे धरले होते. विजयमालाबाई त्यांच्या शेजारी खाली बसल्या आणि त्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आक्का, पाणी आणू का?”

“मास्तर,” आक्का म्हणाल्या, “हे चित्र कोल्हापुरात आलतं का हो?”

निदान या प्रश्नाचे उत्तर मास्तरांपाशी निश्चित होते, आणि ते मिळाल्याने त्यांना किंचित धीर आला.

“आलं होतं ना. मी पहिल्यांदा इथेच पाहिलं, दहा वर्षांचा असताना. त्याच्यापासूनच हे वेड लागलं. एकोणसाठ साल, अठरा सप्टेंबर, शुक्रवार. पितृपक्षात नवं मराठी चित्र कोणी लावत नसे, म्हणून इंग्रजी आणत. रंकाळ्याच्या वाटेवर एक थिएटर होतं, आता तिथे मंगल कार्यालय आहे. तिथे तीन आठवडे चाललं.”

“एकोणसाठ,” आक्का म्हणाल्या. “माझा थोरला झाला ते साल. बाळतपनाला म्हायेरात हुतो मी. त्याच वर्सी सर्वपित्रीला काका ताटावरनं उठला.”

आणि मग:

“काका त्या थेटरात दारावर हुता.”

क्रांतीने आजीकडे पाहिले. मास्तरांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

“दसरा झाल्यावर नोकरी सोडली त्यानं. का सोडली, कुनाला सांगितलं न्हाय. पुढं पोरांनी सिनेमाचं नाव काढलं की घर डोक्यावर घ्यायचा. आमी म्हनायचो, टाळकं फिरलंय.” त्या मास्तरांकडे वळल्या. “मास्तर, मला एक सांगा. दारावरच्या मानसाला पडदा दिसतो का?”

ते थिएटर मास्तरांना आठवत होते. बाकांचा वास आठवत होता, तिसऱ्या रांगेतून मान वर करून पाहिलेला ट्रक आठवत होता. तिकीट फाडून त्यांना आत सोडणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांनी खूप आठवून पाहिला. तो आठवला नाही.

“दिसतो,” ते म्हणाले. “खेळ सुरू झाला की दारवान आतल्या बाजूला, दाराच्या पडद्यापाशी उभा राहायचा. उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवायला. तिथून सगळं दिसतं.”

“दिसाला किती खेळ?”

“तीन.”

“तीन आठवडं.”

“हो.”

“आनि घरला येऊन आईनं वाढलेलं जेवायचा,” आक्का म्हणाल्या. “तिला सांगितलं असतं तर... न्हाय. काय सांगनार? तिचं कुंकू कुनाचं, ह्ये सांगनार? चार पोरं पदरात.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, डोळे कोरडेच होते. “एकट्यानं गिळलं बघ मानसानं. मरंस्तोवर, बत्तीस वर्सं गिळलं. आनि आमी त्याला काय काय बोललो.”

त्या उठल्या. क्रांतीने आधार देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही. मास्तरांनी घाईने खिडकीवरचा एक पडदा सरकवला. उन्हाची तिरीप आत आली आणि चित्रातला माणूस फिकट होत होत जवळजवळ नाहीसा झाला. खालच्या गल्लीत कोणीतरी फुटबॉल भिंतीवर आपटत होते.

“आक्का, थोडं बसा. जेवूनच जा,” विजयमालाबाई म्हणाल्या.

“नगं, बाई.”

जिन्याच्या तोंडाशी आक्का थांबल्या आणि नातीला म्हणाल्या:

“काकाची तिथी कुटली गं?”

“मला कशी माहीत असणार, आजी? माझ्या जन्माच्या आधीच गेले ते. तुलाच ठाऊक असेल ना?”

“न्हाय ठाऊक. मी गेलोच न्हवतो.” त्यांनी कठड्यावर हात ठेवला. “विजयसिंहाला फोन लाव. माझ्या भावाला. त्याला बापाची तिथी ठाऊक असंल.”

“विजयसिंह आजोबांना? त्यांच्याशी तर तू चौतीस वर्षं...”

“लाव म्हनतो न्हवं.”

नंबर क्रांतीकडे नव्हता. तिने आईला विचारला, आईने कोणाकोणाला विचारला, आणि तोवर आक्का जिन्याच्या वरच्याच पायरीवर बसून राहिल्या. मास्तर आणि विजयमालाबाई दारात उभी होती. अखेर फोन लागला. क्रांतीने तो आजीच्या कानाला लावला.

पलीकडून थकलेला, म्हातारा आवाज आला, “कोन बोलतंय?”

आक्कांनी तोंड उघडले. पण आपण कोण, हे सांगायला त्यांना फार वेळ लागला.