सासूबाईंच्या नावाची सात चित्रं

सासूबाईंना जाऊन महिना होतोय न होतोय तोच थोरली नणंद दोन हमाल घेऊन दारात उभी राहिली. आईच्या धान्यचित्रांचं प्रदर्शन भरवायचं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. बैठकीतली सात चित्रं तिनं भिंतीवरून उतरवून घेतली. भावजयीला विचारायची तिला गरज वाटली नाही.

ती सातही चित्रं भावजयीच्या हातची होती.

सासूबाई पक्क्या कारागीर, यात वाद नाही. तांदूळ, तीळ, मोहरी, मसूर यांतून त्या अशी माणसं उभी करायच्या की बघणाऱ्याला वाटावं, आता बोलतील. पण सहा वर्षांपूर्वी त्यांना तीळ कुठला नि कारळा कुठला, हेच दिसेनासं झालं. चारचौघांत सांगायची लाज. तेव्हापासून सून चिमट्यानं एकेक दाणा डिंकावर बसवायची आणि सासूबाई शेजारी बसून, दिसत नसतानाही, चुका काढायच्या. "तुझ्या हाताला वळणच नाही," हे रोजचं. खाली नाव मात्र त्यांचंच. सुनेनं तेही गिळलं.

उद्घाटनाला नणंदेनं भाषण ठोकलं. आईनं शेवटपर्यंत एकटीनं काम केलं, घरात तिला कुणी पेलाभर पाणी विचारलं नाही, असं सांगून तिनं भावजयीकडे रोखून पाहिलं. मग सगळ्या सभागृहानं पाहिलं. नवरा स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

ती उठून उभी राहिली. "ही सात चित्रं मी केलीत, ताई."

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातेस?" नणंद माइकवरच म्हणाली.

दालनाचा व्यवस्थापक मध्ये पडला. काही पुरावा आहे का, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, सासूबाई उजव्या हाताच्या, मी डावखुरी. दाण्यांची टोकं कुठं कलतात ते बघा. त्यानं चष्मा लावून शेजारीच मांडलेली सासूबाईंची जुनी चित्रं पाहिली, ही सात पाहिली, आणि हळूच मान डोलावली.

नणंद भावाकडे वळली. "तू सांग. कोण करायचं चित्रं?"

दाण्याला कीड लागू नये म्हणून तो आधी तव्यावर भाजून घ्यावा लागतो; हे काम सहा वर्षं नवऱ्यानंच तिला करून दिलं होतं.

"आई करायची," तो म्हणाला.

तिनं सरळ जाऊन पहिलं चित्र उतरवलं. नणंदेनं चौकटीचं दुसरं टोक धरलं. हिसकाहिसकीत चौकट निसटली, फरशीवर आपटली आणि मसुरीचे दाणे खुर्च्यांखाली पळाले. नणंदेनं ते उचलायला फर्मावलं. ती दाण्यांवरून चालत बाहेर पडली.

नवरा घरी आला तेव्हा तिनं चिमटे आणि बरण्या पिशवीत भरल्या होत्या. "ताईचा मान राखला, बाकी काही नाही," तो पुटपुटला.

"मग आजपासून ताईकडेच जेवत जा," ती म्हणाली आणि बहिणीकडे निघून गेली.

आठवड्यानं व्यवस्थापकाचा फोन आला. फुटलेलं चित्र दुरुस्त करून द्याल का? खाली नाव कुणाचं राहील, तिनं विचारलं. तो अडखळला, घरच्यांचं एकमत झालं की बघू, म्हणाला. तिनं फोन ठेवला.

शेवटी नणंदच डिंक घेऊन बसली म्हणे. तिला एका गालाचेही दाणे नीट बसवता आले नाहीत. सातातली सहा चित्रं अजून दालनात टांगलेली आहेत, सासूबाईंच्या नावानं. सातवं माळ्यावर टाकलंय.