पाळण्याच्या जागी ठेवलेले मेज

मी एक जुने बैठे मेज आहे. माणूस मांडी घालून बसला की माझे उतरते झाकण बरोबर त्याच्या छातीपुढे येते. कल्याणच्या खाडीवर उतरलेल्या सागातून दौलत सुताराने मला घडवले. काम चोख, फक्त एक पाय किंचित आखूड राहिला. माझ्या स्वभावात फारसा ओलावा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मित्रांनो, १८९१ साली मला त्र्यंबकच्या घरी आणले. त्याचे वडील ठाण्याच्या कचेरीत शिरस्तेदार होते. त्र्यंबक मुंबईच्या कॉलेजात शिके; सोमवारी आगगाडीने जाई, शनिवारी परत येई. इतर विषय तो करायचे म्हणून करी. वेड होते ते मानसशास्त्राचे. माणसाच्या मनाचा अभ्यास माझ्या पाठीवर चालतो, याचा मला भारी ताठा होता. त्याची आई मला रोज स्वतः पुसत असे.

त्या श्रावणात त्र्यंबकचे बाळ गेले. पाच महिन्यांचे होते. दात आले नव्हते, म्हणून भटजींनी आईबापांना तीन दिवसांचे सुतक सांगितले, इतरांना नुसती आंघोळ. चौथ्या दिवशी त्याची बायको जया न्हाऊन चुलीपाशी गेली आणि तो पुस्तकापाशी. रिकामा पाळणा डोळ्यांसमोर नको म्हणून त्र्यंबकच्या आईंनी तो माळ्यावर चढवला आणि माजघरातल्या त्या कोपऱ्यात मला ठेवले. जयासमोर बाळाचे नाव काढायचे नाही, असे सगळ्यांचे ठरले. वाईट कुणाच्याच मनात नव्हते.

जया रडली नाही. दळण, पाणी, स्वयंपाक, सगळे बिनचूक. पण रोज दुपारी पाने उचलली की ती माझ्यापाशी येई, झाकणावर हात ठेवून जरा वेळ उभी राही आणि परत जाई. ती बाळाला पाजायची वेळ होती. मला ते ठाऊक होते. पण मी पडलो लाकूड. मी तसाच राहिलो.

पुढे प्रोफेसरांनी मुलांना निबंध लिहायला सांगितला. एक भावना घ्या, ती आपल्यात आणि दुसऱ्यात पाहा, दिसेल तेवढेच लिहा. त्र्यंबकने शोक घेतला. सोमवारी निबंध द्यायचा होता आणि रविवारच्या दुपारपर्यंत पान कोरेच होते. जया नेहमीसारखी आली, तेव्हा तो टाक घेऊन बसलेला होता.

"अगं, खरं सांग. बाळाचं तुला काय वाटतं?"

"काही वाटत नाही."

"मुळीच नाही? घशाशी दाटून येणं, छातीत दुखणं, असं काही?"

"नाही. हातपाय चालतायत, ते चालू देते."

त्याने लिहिले, 'शोकाचा अभाव. अश्रू नाहीत.' चांगला मुद्दा सापडला म्हणून तो थोडा खूशसुद्धा झाला. त्या क्षणी मला त्याचा राग आला.

जया काय लिहिले ते पाहायला वाकली. कागदावर एक थेंब पडला आणि शाई पसरली. रडली, असे वाटून त्याने वर पाहिले. डोळे कोरडे होते. चोळी ओली झाली होती. दूध होते ते.

"अजून येतं?" त्याने हळूच विचारले.

"रोज. याच वेळेला. तुमच्या पुस्तकात आईचं सुतक किती दिवसांचं सांगितलंय?"

त्र्यंबकने पुस्तक उघडले. खरोखरच चार पाने उलटली. मग ते मिटून त्याने खाली ठेवले आणि कितीतरी दिवसांत त्या घरात कुणी न उच्चारलेले नाव उच्चारले.

"विश्राम."

जया माझ्याशेजारी जमिनीवर बसली. "पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

निबंध काही त्याने दिला नाही. आता मी अडगळीत आहे आणि माझ्यावर धूळ बसते. मित्रांनो, मला पुसायला कुणी आले नाही तरी चालेल. पण तुमच्या घरातले कुणी गेले, तर मागे राहिलेल्या माणसासमोर त्याचे नाव घ्यायला भिऊ नका. जयाने त्या दुपारी ते अकरा वेळा म्हणवून घेतले, आणि त्यानंतर ती रडली.