वेंडेलची आवडती रेकॉर्ड

कॅन्सस सिटीच्या रेडिओवर वेंडेल टिब्ज रोज दुपारी जॅझ लावायचा आणि मधेमधे वाचलेल्या पुस्तकांबद्दल, बेसबॉलबद्दल भरभरून बोलायचा. एका जुन्या रेकॉर्डवर त्याचा फार जीव. "यातला ड्रमवाला बघा, चेंडूची वाट पाहणाऱ्या फलंदाजासारखा थांबतो," तो म्हणायचा. त्या ड्रमवाल्याचं नाव मात्र त्याला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

एकदा कार्यक्रम चालू असताना फोन आला. "ड्रमवाला नाही रे बाबा, ड्रमवाली. मी ऑर्लेटा. थांबायला शिकले ती भावांबरोबर बेसबॉल खेळूनच."

वेंडेलला खरं वाटेना. त्याने तिला बोलावून घेतलं. नव्वदीची ऑर्लेटा नातीचा हात धरून स्टुडिओत आली. "लाव तुझी रेकॉर्ड," म्हणाली आणि दोन पेन्सिली उचलून टेबलावर वाजवू लागली. रेकॉर्डमधला ठोका कुठला आणि टेबलावरचा कुठला, कळेना. मधेच तिचे हात हवेत थबकले. रेकॉर्डमधला ड्रमही थबकला, आणि दोन्ही एकदमच पुन्हा सुरू झाले.

रेकॉर्ड संपली तरी वेंडेल तिच्या हातातल्या पेन्सिलींकडेच बघत राहिला. शेवटी ऑर्लेटाच माइककडे वाकली.

"पोरगा गप्प झालाय," ती म्हणाली. "पुढचं मीच सांगते."